किडनीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, पुढे काय?

मूत्रपिंडाच्या म्हणजे किडनीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी आला की भेटायला येणारे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, ‘एका किडनीवर माणूस जगतो का?’ दुसरा प्रश्न वर्षभराने येतो, ‘आता तर चांगल्या आहेत, मग सारखं कशाला नेता हॉस्पिटलात?’ पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर नीट न कळल्यामुळे बरे वाटू लागलेले रुग्ण तपासणीला जायचे सोडून देतात. म्हणून आरोग्य पानासाठी हा लेख लिहीत आहोत.

आम्ही वडखळचे. आमच्या आईची डावी किडनी तीन वर्षांपूर्वी काढली, तेव्हा ती ५७ वर्षांची होती. या तीन वर्षांत आम्ही भावंडांनी जे पाहिले आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते येथे देतो. आम्ही डॉक्टर नाही. औषधाचा आणि तपासणीचा निर्णय प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

आईला किडनीचा काहीच त्रास नव्हता. जेवणानंतर पोट दुखायचे, पित्ताशयात खडे असतील म्हणून पेणला सोनोग्राफी केली. खडे निघाले नाहीत, डाव्या किडनीवर गाठ निघाली. हल्ली पुष्कळ रुग्णांचा हा आजार असाच, दुसरेच काही शोधताना सापडतो. लघवीतून रक्त जाणे, कुशीत दुखणे आणि हाताला गाठ लागणे ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसेपर्यंत आजार बहुधा पुढे गेलेला असतो. लघवीत एकदा जरी रक्त दिसले, दुखले नाही तरी, ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून ते सोडून देऊ नये. सोनोग्राफी करून घ्यावी.

सीटी स्कॅनमध्ये गाठ साडेपाच सेंटिमीटरची आणि किडनीच्या मधोमध, मोठ्या रक्तवाहिन्यांना लागून असल्याचे दिसले. गाठ चार सेंटिमीटरपर्यंत असेल आणि जागा सोयीची असेल तर शक्यतो तेवढाच भाग काढून बाकीची किडनी वाचवतात. आईच्या बाबतीत ते जमण्यासारखे नव्हते. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून पूर्ण किडनी काढली. आधी सुई घालून गाठीचा तुकडा का तपासला नाही, असे आम्हाला अनेकांनी विचारले. किडनीच्या गाठीचे बरेचसे निदान स्कॅनवरूनच करता येते, त्यामुळे प्रत्येक रुग्णाला तशी तपासणी लागत नाही.

आता पहिला प्रश्न. एका किडनीवर माणूस जगतो, आणि ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेली आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे गुस्टाव्ह सायमन या शल्यचिकित्सकाने आधी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले आणि २ ऑगस्ट १८६९ रोजी एका स्त्रीची एक किडनी ठरवून काढली. ती बाई जगली. आजही आपल्या मुलाला किडनी देणाऱ्या कितीतरी आया एका किडनीवर वर्षानुवर्षे घरकाम, शेतकाम करतात. उरलेली किडनी काही आठवड्यांत आकाराने थोडी वाढते आणि जास्तीचे काम अंगावर घेते. तरीही ती दोघींएवढे काम करत नाही, साधारण दोनतृतीयांश ते पाऊण हिस्सा करते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर रक्तातले क्रिएटिनीन थोडे वाढलेले दिसते. आईचे ०.८ वरून १.२ झाले तेव्हा घरात सगळे घाबरले होते. डॉक्टरांनी सांगितले की एका आकड्यापेक्षा तो आकडा स्थिर राहतो की चढत जातो हे महत्त्वाचे. आजवर तो १.१ ते १.३ मध्येच आहे.

दाता आणि कर्करोगाचा रुग्ण यांच्यात मात्र एक फरक आहे. दात्याची दुसरी किडनी ठणठणीत असल्याची खात्री आधीच केलेली असते. आपल्या रुग्णाला बहुधा रक्तदाब किंवा मधुमेह असतो, वय झालेले असते. म्हणजे राहिलेल्या किडनीवर आधीच भार असतो.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी आईला उठवून चालवले. पोटाला उशी धरून खोकायचे, खोल श्वास घ्यायचे, पाय हलवत राहायचे, हे सगळे छातीत कफ साचू नये आणि पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असते. चौथ्या दिवशी घरी सोडले. पनवेल सोडल्यावर महामार्गावरचा प्रत्येक खड्डा आईने मोजला. या रस्त्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले, आणि त्याबद्दल येथे अधिक लिहिण्यात अर्थ नाही. पोटावर उशी, मागच्या सीटवर टेकून बसणे आणि गाडी सावकाश चालवणे, एवढेच आपल्या हातात होते.

घरी आल्यावरचे सहा आठवडे सर्वांत अवघड गेले, आणि ते दुखण्यामुळे नव्हे. डॉक्टरांनी सांगितले, दीड महिना चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही. आपल्या खारेपाटात पाण्याची टंचाई काय असते ते सांगायला नको. पाणी येईल तेव्हा भरून ठेवायचे, आणि पंधरा लिटरचा भरलेला हंडा भांड्यासह पंधरा किलोंच्या वर जातो. बाईमाणसाला ‘आराम करा’ सांगणे सोपे, पण घरात पाणी कोण भरणार हे ठरल्याशिवाय तो आराम होत नाही. बाहेरून टाके भरलेले दिसतात, आतले स्नायू जुळायला वेळ लागतो, आणि वजन उचलल्याने तिथे हर्निया होऊ शकतो. आमच्याकडे विहारातल्या महिला मंडळाने पाळ्या लावून पाणी भरले. कोणी भाकरी आणून दिली, त्यापेक्षा या हंड्यांचा उपयोग जास्त झाला, असे आम्हाला वाटते. वर्षावासातल्या ग्रंथवाचनालाही आई त्या वर्षी खाली न बसता खुर्चीवर बसली. आधी तिला संकोच वाटत होता. नंतर गुडघे दुखणाऱ्या आणखी तिघी खुर्च्यांवर दिसू लागल्या.

या काळात थकवा फार येतो. दुपारी दोन घरे चालून आले तरी आईला झोप यायची. जखमेच्या खालची कातडी बधिर वाटायची, मधूनच मुंग्या यायच्या. हे हळूहळू कमी होते, काहींना थोडे कायम राहते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो. काही गोष्टींसाठी मात्र थांबायचे नाही. ताप आला, जखम लाल होऊन पाणी किंवा पू आला, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी दम लागला, लघवी फार कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ज्यांच्या किडनीचा फक्त काही भाग काढला आहे त्यांना घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अचानक लघवीतून लाल रक्त जाऊ लागले, तर ती तातडीची बाब समजावी. आतल्या रक्तवाहिनीतून रक्तस्राव होत असू शकतो. रात्र असेल तर सकाळची वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा.

‘केमो का नाही दिली?’ हाही प्रश्न वारंवार आला. एका शेजाऱ्यांनी तर डॉक्टरांनी आशा सोडली असा अर्थ काढला आणि तो गल्लीभर पसरला. खरी गोष्ट अशी की किडनीच्या नेहमीच्या कर्करोगावर जुन्या पद्धतीच्या केमोचा फारसा परिणाम होत नाही. गाठ किडनीपुरती असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. परत येण्याचा धोका जास्त असलेल्या काही रुग्णांना अलीकडे शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्षभर इम्युनोथेरपीची इंजेक्शने सुचवतात. ती लाखांच्या घरात जातात. आपला रुग्ण त्या गटात आहे का, हे कर्करोगतज्ज्ञाला स्पष्ट विचारावे. नसेल तर उगाच कर्ज काढायचे कारण नाही.

तो गट कळतो शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या बायोप्सी रिपोर्टवरून. शस्त्रक्रियेची तारीख सगळ्यांच्या लक्षात राहते, हा कागद मात्र फाईलमध्ये न वाचता पडून राहतो. त्यात कर्करोगाचा प्रकार लिहिलेला असतो. गाठ किती मोठी होती, किडनीच्या बाहेरच्या चरबीत किंवा शिरेत शिरली होती का, पेशींची श्रेणी १ ते ४ पैकी कोणती आणि कापलेली कड स्वच्छ आहे का, हेही असते. आईचा प्रकार ‘क्लिअर सेल’ होता, सर्वांत जास्त आढळणारा. गाठ किडनीतच होती, श्रेणी २, कड स्वच्छ. तपासणी किती महिन्यांनी करायची हे यावरूनच ठरते. शेजारच्या गावातल्या रुग्णाला तीन महिन्यांनी बोलावतात आणि आपल्याला सहा, म्हणून कोणी दुर्लक्ष करते असे नाही.

आता दुसरा प्रश्न, कशाला नेता? गाठ पूर्ण निघाली तरी शस्त्रक्रियेच्या आधीच एखादी पेशी रक्तातून दुसरीकडे गेलेली असू शकते. ती इतकी बारीक असते की तेव्हा कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही. हा कर्करोग परततो तेव्हा सर्वांत जास्त वेळा फुफ्फुसात दिसतो. हाडे, यकृत, मेंदू, दुसरी किडनी येथेही दिसू शकतो. लहान असताना सापडला तर काढून टाकणे किंवा औषधाने आटोक्यात ठेवणे जमू शकते. खोकल्यातून रक्त येईपर्यंत थांबले तर तसे करणे कठीण जाते. आणि हा आजार परतला की नाही ते सांगणारी रक्ताची सोपी चाचणी आजतरी नाही. बरे वाटणे हा पुरावा नाही. आईला तर गाठ होती तेव्हाही बरेच वाटत होते.

म्हणून छातीचा आणि पोटाचा स्कॅन. काही वेळा छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी पुरते. धोका जास्त असेल तर पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, कमी असेल तर सहा महिने किंवा वर्षाने, आणि एकंदर निदान पाच वर्षे. हा कर्करोग पाच वर्षांनंतरही परतल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे पुढेही वर्षा-दोन वर्षांनी दाखवायला सांगतात. सोबत क्रिएटिनीन, हिमोग्लोबिन, लघवीतली प्रथिने आणि रक्तदाब.

दुसऱ्या वर्षी आईच्या स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या टोकाला पाच मिलिमीटरचा ठिपका आला. मिरीच्या दाण्याएवढा. डॉक्टर म्हणाले, “हा जुना वण असेल, नवीन काही असेल, आज सांगता येत नाही. इतक्या लहान ठिपक्यात सुई घालता येत नाही. पहिल्या स्कॅनची सीडी आणा, तेव्हा होता का पाहू.” पोटाच्या स्कॅनमध्ये फुफ्फुसाचे खालचे टोकही येते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. पहिला स्कॅन ज्या केंद्रात केला होता त्यांनी तेव्हा फक्त फिल्म आणि रिपोर्ट दिला होता. सीडी मागायला गेलो तर जुने रेकॉर्ड निघाले नाही. शेवटी ज्या सर्जननी आईला पुढे पाठवले होते त्यांच्याकडच्या फाईलमध्ये एक सीडी सापडली. यात तीन आठवडे गेले.

ते तीन आठवडे आई आमच्याशी नेहमीसारखीच बोलत होती. रात्री मात्र दिवा लावून बसायची. एकदा म्हणाली, “मला काय व्हायचं ते होऊ दे, पण सांगताना तोंड फिरवू नका.” तेव्हापासून घरात नियम झाला, रिपोर्ट आधी तिच्या हातात द्यायचा. स्कॅनच्या आधीचे आठ-दहा दिवस अशा घरांत झोप उडते, चिडचिड होते, जेवण जात नाही. ही भीती अज्ञानाची नाही, ती खऱ्या गोष्टीची भीती आहे. त्यामुळे ‘काही होत नाही’ असे म्हणून ती जात नाही. स्कॅन आणि डॉक्टरांची भेट यांतले अंतर कमीत कमी ठेवले तर ती थोडी हलकी होते. रोज रात्री झोप येत नसेल, रडू आवरत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. अंगारे-धुपारे आणि ‘कॅन्सर मुळापासून काढतो’ म्हणणारी चूर्णे याच दिवसांत दाराशी येतात. काही भस्मांमध्ये शिसे, पारा असतो, आणि आपल्याकडे एकच किडनी उरलेली असते.

जुन्या सीडीत तो ठिपका होता, तेवढाच होता. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिला, बदल नाही. जुन्या संसर्गाचा वण असावा असे डॉक्टरांचे मत आहे. प्रत्येक स्कॅनची सीडी तिथेच मागून घ्यावी, हे आम्ही आता भेटेल त्याला सांगतो.

राहिलेल्या किडनीला जपताना आपल्या भागात काय आडवे येते, तेही पाहू. पहिले, दुखण्याची गोळी. लावणीच्या दिवसांत गुडघा-कंबर धरली की डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या किंवा त्याच जातीचे इंजेक्शन सर्रास दिले जाते. एका किडनीवर ही औषधे जपून, शक्यतो टाळूनच. ताप-दुखण्यासाठी बहुधा पॅरासिटामॉल सांगतात. आईच्या पाकिटात एक चिठ्ठी असते, ‘डावी किडनी काढली आहे, एकच किडनी आहे.’ कुठल्याही दवाखान्यात पहिल्यांदा ती दाखवायची, दातांच्या डॉक्टरलाही. स्कॅनला जे औषध शिरेतून देतात त्याआधीही क्रिएटिनीन पाहतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तसे सांगावे.

दुसरे, मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर. इथे वडखळ नाक्यावर दोन्ही बाजूंना पोह्यांचे पापड, मिरगुंड, लोणची, आणि घरात सुकट, सुके बोंबील. सुकी मासळी हे गरिबाच्या घरचे पावसाळ्यातले कालवण आहे, ते बंद करा असे सांगणे आम्हाला पटत नाही. आई जवळा दोन पाण्यांतून धुऊन घेते, कालवणात वरून मीठ घालत नाही, आणि पापड-लोणचे सणापुरते. रक्तदाब १३०/८० च्या आत ठेवायला सांगितला आहे, तो बहुतेक राहतो. मिश्री सोडायला तिला सहा महिने लागले. मिश्री म्हणजे तंबाखूच.

भेटायला येणारे शहाळी आणतात. क्रिएटिनीन वाढलेले असेल तर शहाळ्यातले पोटॅशियम त्रास देऊ शकते, म्हणून किती प्यायचे ते विचारून घ्यावे. प्रोटीन पावडरचे डबेही तसेच.

आणखी एक, पावसाळा. शेतातल्या, गटाराच्या साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो थेट किडनीवर जातो. एक किडनी असलेल्या माणसाने पायाला जखम असताना पाण्यात उतरू नये. पाण्यात काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या तर दोन दिवस वाट न पाहता पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात जावे.

खर्चाबद्दल. आईची शस्त्रक्रिया महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली. ही योजना जुलै २०१२ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. आता तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होण्याआधीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटावे, आणि नंतरच्या कोणत्या तपासण्या योजनेत बसतात तेही तेव्हाच विचारावे, कारण सगळ्या बसत नाहीत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. म्हणून क्रिएटिनीन आणि हिमोग्लोबिन आम्ही स्कॅनच्या आठवडाभर आधी सरकारी रुग्णालयातच करून घेतो. तिथे गेल्यावर आकडा वाढलेला निघून स्कॅन रद्द झाला, तर एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे फुकट जाते. टाटा मेमोरियलचे केंद्र खारघरलाही आहे, आपल्याला परळपेक्षा ते जवळ. कोणती तपासणी कुठे होईल ते आधी विचारून घ्यावे. एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहेच. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात सवलत मिळते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो. पेणहून पनवेलपर्यंत रेल्वेने गेले की खड्डेही चुकतात.

हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. बहुतेक वेळा तो आनुवंशिकही नसतो. रुग्ण पन्नाशीच्या बराच आतला असेल, दोन्ही किडन्यांत गाठी असतील किंवा घरात आणखी कोणाला झाला असेल, तर मात्र डॉक्टरांना तसे सांगावे. आमच्या दोन्ही मामांनी भीतीपोटी सोनोग्राफी करून घेतली, त्यात काही निघाले नाही. धाकट्या मामांचा रक्तदाब त्या निमित्ताने आयुष्यात पहिल्यांदा मोजला गेला. वरचा आकडा १७० निघाला, आणि आता त्यांची गोळी चालू आहे.